शिखरावरचा फोटो कोण काढतो

निजामाबाद आम्हा धर्माबादकरांना परके नाही. रेल्वेत बसले की बासर, मग गोदावरीचा पूल, आणि तासाभरात निजामाबाद. सोयरिकी तिकडे आहेत, आजारी माणसाला घेऊन जायचे तर पुष्कळांना तेच जवळ पडते. त्या जिल्ह्यातल्या पाकाला या खेड्यातली मालावत पूर्णा 25 मे 2014 रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली, तेव्हा तिला चौदावे वर्षही पुरे व्हायचे होते. इतक्या लहान वयात तिथे उभी राहिलेली जगातली ती पहिली मुलगी. आईवडील शेतात राबणारे. समाज लंबाडा, म्हणजे आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या तांड्यांवरचा बंजारा समाजच. बोली एक, सणवार एक, फक्त मध्ये राज्याची हद्द.

पूर्णा सरकारी निवासी शाळेत शिकत होती. समाजकल्याण खात्याच्या या शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव तेव्हा आर. एस. प्रवीणकुमार हे पोलीस अधिकारी होते. त्यांनी शाळांमधून मुले निवडली, भोंगीरच्या कातळावर त्यांना दोर धरायला शिकवले गेले, पुढे दार्जिलिंग आणि लडाखला नेले. शेवटी दोघांना एव्हरेस्टवर पाठवले: पूर्णा आणि खम्मम जिल्ह्याचा साधनापल्ली आनंदकुमार. दोघेही वर गेले, दोघेही खाली आले. तेलंगण राज्य त्यानंतर आठ दिवसांनी, 2 जूनला जन्मले.

*

एक तपशील लोक विसरतात. नेपाळकडून चढायचे तर सोळा वर्षे पुरी लागतात. पूर्णा त्यात बसत नव्हती, म्हणून तिला तिबेटच्या बाजूने नेले. त्या वर्षी नेपाळच्या बाजूने काय झाले ते पुढे लिहितो.

*

धर्माबाद समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्याही आत. काळी सपाट जमीन, टेकडी म्हणावी असेही फारसे काही नाही. महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई 1646 मीटर. एव्हरेस्टचा नुसता बेसकॅम्प 5364 मीटरवर आहे, म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी तिथवर पुरत नाहीत. माथा 8848.86 मीटर, हा आकडा नेपाळ आणि चीन यांनी मिळून डिसेंबर 2020 मध्ये जाहीर केला.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या एक तृतीयांशाच्या आसपास उरतो. आमच्यासारख्या सपाटीवरच्या माणसाला उचलून एकदम तिथे ठेवले तर काही मिनिटांत शुद्ध हरपेल. म्हणून हळूहळू चढायचे, थोडे वर जायचे, झोपायला खाली यायचे, पुन्हा वर. मूत्रपिंड रक्तात एक संप्रेरक सोडते, तांबड्या पेशी वाढतात, शरीर कमी प्राणवायूत काम करायला शिकते. या शिकण्याला पाच-सहा आठवडे लागतात, आणि म्हणूनच मोहीम दोन महिन्यांची होते.

श्रीमंत माणसाकडे सगळे असते, दोन महिने नसतात. आजच्या महागड्या मोहिमा या एका अडचणीभोवती उभ्या आहेत.

*

या मोहिमांची सुरुवात 1985 ची. अमेरिकेतल्या टेक्सासचे डिक बास, व्यवसायाने तेल आणि स्की-रिसॉर्टवाले, वय पंचावन्न. त्यांना सातही खंडांतली सर्वांत उंच शिखरे चढायची होती. 30 एप्रिल 1985 रोजी डेव्हिड ब्रेशर्स या कसलेल्या गिर्यारोहकाने त्यांना एव्हरेस्टवर नेले. त्यापूर्वी एव्हरेस्ट हे देशांच्या, लष्करांच्या, मोठ्या संस्थांच्या मोहिमांचे काम होते. आपलीही पहिली यशस्वी मोहीम 1965 ची, कॅप्टन एम. एस. कोहली यांच्या नेतृत्वाखालची, नऊ जण माथ्यावर. बास यांच्यानंतर जगाला कळले की हौशी माणूसही वर जाऊ शकतो, नेणारा चांगला हवा. दहा वर्षांत त्याचा धंदा झाला. मे 1996 च्या वादळात आठ जण मेले, त्यांत पैसे घेऊन नेणाऱ्या दोन कंपन्यांचे प्रमुखही होते. लोकांना वाटले आता हा धंदा आटेल. उलट तो वाढला.

*

आता काय मिळते ते लिहून ठेवतो. काठमांडूहून हेलिकॉप्टर. बेसकॅम्पवर उभे राहता येईल असा घुमटाकार तंबू, त्यात पलंग, गादी, हीटर. कॉफीचे यंत्र, इंटरनेट, ताजी भाजी-फळे, डॉक्टर. वर जाताना एकाच्या दिमतीला दोन-दोन शेर्पा, आणि प्राणवायू हवा तितका. निघण्याआधी कित्येक आठवडे आपल्याच घरी, पलंगाभोवती बसवलेल्या कमी प्राणवायूच्या तंबूत झोपायचे. म्हणजे शरीराचे शिकणे घरातच होते. सर्वांत वरच्या दर्जाच्या मोहिमेचा भाव दोन लाख डॉलरपर्यंत जातो, रुपयांत पावणेदोन कोटींच्या घरात. साधी मोहीमही तीस-चाळीस लाखांच्या खाली क्वचितच. त्यात नेपाळ सरकारचा परवाना आला: परदेशी माणसाला वसंतातल्या हंगामासाठी 11,000 डॉलर होता, सप्टेंबर 2025 पासून 15,000 झाला.

मे 2025 मध्ये चार ब्रिटिश माणसे 16 तारखेला लंडनहून निघाली आणि 21 ला सकाळी माथ्यावर होती. चौघेही पूर्वीचे सैनिक, एक तर तेव्हा मंत्री. घरी तंबूत झोपण्याची तयारी त्यांनी केलीच होती. शिवाय शरीर लवकर सरावावे म्हणून जर्मनीत एका दवाखान्यात झेनॉन वायू हुंगून आले होते. नेणारी कंपनी ऑस्ट्रियाची, लुकास फुर्टेनबाख यांची. गिर्यारोहण संघटनांच्या जागतिक महासंघाने त्याच वर्षी जानेवारीत सांगितले होते की झेनॉनने डोंगरावर फायदा होतो याला पुरावा नाही आणि चुकीच्या वापराने धोका आहे. झेनॉनचा वाद मला दुय्यम वाटतो. पाच दिवसांत वर गेलेल्या माणसांसाठी दोर, शिड्या, तंबू, सिलिंडर हे सगळे आधीच वर लागलेले होते. ते लावायला पाच दिवस पुरत नाहीत.

*

खुंबूचा हिमप्रपात म्हणजे बेसकॅम्पच्या डोक्यावरची सरकत राहणारी बर्फाची नदी. घराएवढे तुकडे, मध्ये खोल भेगा, आणि कोणता तुकडा केव्हा कोसळेल ते कोणालाच सांगता येत नाही. भेगांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या टाकून वाट करतात. ती वाट करणाऱ्यांना 'आइसफॉल डॉक्टर' म्हणतात; सगळे शेर्पा. रोज वाट बदलते, रोज दुरुस्ती. लोक रात्री दोन-तीनला निघतात, कारण ऊन लागले की बर्फ सैल होतो.

इथून जितके कमी वेळा जावे तितके बरे, हे महागडी मोहीम घेणाऱ्याला पक्के सांगितलेले असते. म्हणून तो सवयीसाठी शेजारचे एखादे कमी धोक्याचे शिखर चढतो आणि हिमप्रपात एकदाच वर, एकदाच खाली ओलांडतो. सावधपणाच आहे, त्याला नावे ठेवता येणार नाहीत. पण दुसऱ्या छावणीवर त्याला गरम जेवण मिळते, तर तो गॅस, ती भांडी, तो तंबू, खाली बसायची खुर्चीसुद्धा त्याच वाटेने कोणाच्या तरी पाठीवर गेलेली असते. एका हंगामात वीसहून अधिक वेळा हिमप्रपात ओलांडणारे शेर्पा आहेत. सुख वाढवले की वजन वाढते, वजन वाढले की खेपा. गिऱ्हाइकाच्या वाट्याचा धोका कमी झाला असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातला मोठा भाग दुसऱ्याच्या वाट्याला गेलेला असतो.

या साऱ्या विषयात मला सर्वांत जास्त खुपते ते हेच.

*

18 एप्रिल 2014, पहाट सरती. हिमप्रपातात माल घेऊन चढणाऱ्यांवर पश्चिम खांद्यावरचा लटकता हिमकडा कोसळला. सोळा जण गेले, सोळाही नेपाळी कामगार. तिघांचे देह मिळालेच नाहीत. गिऱ्हाईक त्यांत एकही नव्हता, कारण त्या वेळी त्या वाटेवर फक्त ओझी जात होती. सरकारने प्रत्येक घराला तातडीची मदत म्हणून 40,000 नेपाळी रुपये जाहीर केले, आपले पंचवीस हजार. बेसकॅम्पवर शेर्पांचा संताप उसळला आणि नेपाळच्या बाजूचा हंगाम जवळजवळ बंद पडला. त्यानंतर उंचावर काम करणाऱ्यांच्या विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली.

पूर्णा पलीकडच्या बाजूने चढली ती या घटनेनंतर पाच आठवड्यांनी. तिच्या यशाची गोष्ट सांगताना हे सोळा जणही सांगावेत असे मला वाटते. तिचे यश त्याने कमी होत नाही; तिच्याही वाटेवर दोर कोणी तरी बांधलाच होता.

*

मराठी माणसांचे थोडे लिहितो, कारण आपल्याकडच्या मुलांना ही नावे सहसा ठाऊक नसतात.

18 मे 1998 रोजी पुण्याचे सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर गेले. त्या मोहिमेचे नेते हृषीकेश यादव. 2009 मध्ये पुण्याचीच कृष्णा पाटील एकोणिसाव्या वर्षी वर गेली. 19 मे 2012 रोजी पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ जण माथ्यावर पोहोचले, नेते उमेश झिरपे. या मोहिमेचा पैसा लोकांकडून उभा राहिला होता. शेर्पा त्यांच्याबरोबरही होते, प्राणवायूही होता. पण सह्याद्रीत वर्षानुवर्षे एकमेकांचा दोर धरलेली माणसे एकत्र गेली आणि आपली आखणी आपण केली. पुढे त्यांनी ल्होत्से, मकालू अशी आठ हजार मीटरवरची शिखरे एकेक करत घेतली, आणि 15 मे 2019 रोजी कांचनजंगावर एकाच मोहिमेतले दहा जण उभे राहिले. महागड्या मोहिमेत शिखर मिळते, पण मागे संघ राहत नाही. पुण्यात संघ राहिला, शिकवणारे राहिले, नवी मुले तयार झाली. माझ्या लेखी हे शिखरापेक्षा मोठे.

मराठवाड्यातून पहिले रफिक शेख, औरंगाबाद ग्रामीण पोलीस दलातले शिपाई. 2014 ला हिमकडा कोसळला, 2015 ला नेपाळचा भूकंप झाला. दोन्ही वेळा परत यावे लागले. मे 2016 मध्ये ते वर गेले. मनीषा वाघमारे, औरंगाबादच्याच प्राध्यापिका, 2017 मध्ये माथा 170 मीटर उरला असताना खराब हवामानामुळे मागे फिरल्या आणि 21 मे 2018 रोजी पोहोचल्या. एकशेसत्तर मीटरवरून मागे फिरणे म्हणजे काय, याचा विचार केला की मला माथ्यावरच्या क्षणापेक्षा तो निर्णयच मोठा वाटतो. वर्षभराची उसनवारी, दारोदार मागितलेली मदत, घरच्यांचे डोळे, हे सगळे मागे उभे असते आणि माणूस म्हणतो, आज नाही.

*

2019. नेपाळने त्या वसंतात 381 परवाने दिले. हवामान चांगले असे दिवस मोजकेच मिळाले, आणि 22 मे रोजी माथ्याखालच्या धारेवर माणसांची रांग लागली. निर्मल पुर्जा यांनी काढलेले ते छायाचित्र जगभर गेले. आठ हजार मीटरवर रांगेत थांबणे म्हणजे सिलिंडरमधला प्राणवायू उभ्या-उभ्या संपवणे. त्या हंगामात एव्हरेस्टवर अकरा जण मेले. त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते, खाली उतरताना संपलेले. त्यांच्या घरच्यांचा विचार करून नावे लिहीत नाही.

चढण्याची ताकद आणि उतरण्याची ताकद वेगळी ठेवावी लागते. पैसे भरलेल्या माणसाला "आता मागे फिरा" असे सांगणे शेर्पाला किती जड जात असेल. गिऱ्हाईक नाराज झाले तर बक्षिसी जाते, पुढच्या हंगामाचे काम जाऊ शकते. ज्याचे मत त्या क्षणी सर्वांत मोलाचे, त्याचाच आवाज सर्वांत दबलेला असतो.

*

2016 मध्ये पुणे पोलीस दलातल्या एका जोडप्याने एव्हरेस्ट चढल्याचे जाहीर केले. नेपाळने प्रमाणपत्रही दिले. मग इतर गिर्यारोहकांनी छायाचित्रे तपासली: दुसऱ्याच्या फोटोवर फेरफार. प्रमाणपत्र रद्द, नेपाळमध्ये दहा वर्षे बंदी, पुढे नोकरीही गेली. मला या प्रकरणात माणसांपेक्षा सत्काराची भूक दिसते. शिखर म्हणजे फक्त फोटो असे आपणच ठरवले, तर कोणी तरी फक्त फोटोच आणणार.

*

आणि हा फोटो काढतो कोण? तिरंगा हातात, मागे निळे आकाश, तोंडावरचा मुखवटा क्षणभर बाजूला. कॅमेऱ्यामागे जवळजवळ नेहमी एक शेर्पा असतो. उणे वीस-पंचवीस अंशांत त्याने हातमोजा काढलेला असतो. तो आदल्या वर्षीही तिथे होता, पुढच्या वर्षीही असेल. कामी रिता शेर्पा मे 2025 मध्ये एकतिसाव्यांदा माथ्यावर गेले.

*

शेर्पांमध्ये पुष्कळदा जन्मवारावरून नाव ठेवतात. नीमा रविवारचा, दावा सोमवारचा, मिंग्मा मंगळवारचा, ल्हाक्पा बुधवारचा, फुर्बा गुरुवारचा, पासांग शुक्रवारचा, पेंबा शनिवारचा. त्यामुळे एकाच नावाची कितीतरी माणसे असतात, आणि नुसते 'पासांग शेर्पा' लिहिले तर कोण ते कळतही नाही. पूर्ण नाव, गाव विचारून घ्यावे लागते. बातमी देणाऱ्यांनी तेवढे कष्ट घ्यावेत.

*

18 मे 2023. गेल्जे शेर्पा एका चिनी गिऱ्हाइकाला माथ्याकडे नेत होते. 'बाल्कनी' नावाच्या जागेजवळ, आठ हजार मीटरच्या बऱ्याच वर, एक मलेशियन गिर्यारोहक थंडीने थरथरत एकटा पडलेला दिसला. गेल्जेंनी आपल्या गिऱ्हाइकाला शिखर सोडायला राजी केले. त्या माणसाला चटईत गुंडाळून, कधी पाठीवर घेऊन, कधी बर्फावरून ओढत त्यांनी सुमारे सहा तासांत चौथ्या छावणीपर्यंत उतरवले. नीमा ताही शेर्पा मदतीला आले. पुढे हेलिकॉप्टर. वाचलेल्या माणसाने आधी आभार मानले ते पुरस्कर्त्यांचे आणि विमा कंपनीचे. लोकांनी टीका केल्यावर शेर्पांचे. शिखर सोडायला तयार झालेल्या त्या चिनी माणसाचेही कौतुक व्हायला हवे, त्याचे पैसे गेले होते.

*

आमच्या मोंढ्यात लाल मिरचीचा हंगाम चालू असला की हमाल तोंडाला रुमाल बांधून पोती उचलतात. ठसका बाहेरच्याला रस्त्यावरच लागतो, ते दिवसभर त्यातच असतात. पण त्यांचे काम कागदावर येते. शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते तेव्हा तीत हमाली वेगळी, तोलाई वेगळी लिहिलेली असते. महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा आहे, त्यामागे मोठे लढे आहेत. हमालांना न्याय पुरा मिळतो असे नाही; तरीही ओझे वाहणारा हिशेबात दिसतो. शिखराच्या बातमीत ही ओळच नसते.

*

बरी गोष्ट: 2025 च्या हंगामात हिमप्रपातावरून ड्रोनने शिड्या-दोर पाठवण्याचे आणि कचरा खाली आणण्याचे काम झाले. एका खेपेत पंधरा किलोच्या आसपास. माणसाला सहा-सात तास लागतात ते अंतर ड्रोन काही मिनिटांत तोडतो. यात कोणाचे काम जाईल अशी भीती आहे आणि ती रास्त आहे. पण रात्री हिमकड्याखालून जाण्याचे काम गेले तर जाऊ दे. पगार वरच्या कामाचा वाढवावा.

*

2018 मध्ये धर्माबाद तालुक्यातल्या कित्येक गावांनी आम्हाला तेलंगणात घाला अशी मागणी केली होती. शेतीच्या योजना, वीज, पेन्शन, सगळी तुलना रोज डोळ्यांसमोर. त्याच वर्षी मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुले-मुली 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टवर गेली होती. म्हणजे आपल्या सरकारलाही हे जमते. पण एखादी मोहीम आणि दरवर्षीचे शिक्षण यांत फरक आहे. नांदेड जिल्ह्यात कंधारचा किल्ला आहे, माहूरचे डोंगर आहेत. तिथे आश्रमशाळांच्या मुलांना दोर, गाठी, प्रथमोपचार, बचावकार्य शिकवायला एव्हरेस्टचा खर्च लागत नाही. गोदावरीला पूर आला की हेच शिक्षण आपल्याच गावांत उपयोगी पडेल. त्यातून एखादी पूर्णा निघाली तर आनंदच, नाही निघाली तरी काही वाया गेले नाही.

*

पैसेवाल्याने एव्हरेस्ट चढू नये असे माझे म्हणणे नाही. त्याच्या पैशावर खुंबूत घरे उभी राहिली आहेत, मुले शिकली आहेत. आता तर मोठ्या मोहीम-कंपन्या स्वतः शेर्पांच्या मालकीच्या आहेत. जाणाऱ्याने मात्र तीन गोष्टी विचाराव्यात: माझ्यासाठी हिमप्रपातातून किती खेपा होणार, खेपा करणाऱ्याचा विमा किती, आणि त्याने मागे फिरायला सांगितले तर त्याची बक्षिसी कापली जाणार का. ज्या कंपनीकडे याची सरळ उत्तरे नाहीत, तिच्या गरम तंबूत झोपू नये.

*

धर्माबाद, बिलोली, देगलूर, उदगीर, कुठलेही गाव घ्या; आज ना उद्या इथलेही कोणी तरी वर जाणार. स्टेशनवर ढोलताशे असतील, चौकात फ्लेक्स लागेल, सत्कार समितीच्या सभासदांचे फोटो ओळीने छापले जातील. समितीला माझी विनंती आहे: त्या फ्लेक्सवर आपल्या गिर्यारोहकाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, बरोबर गेलेल्या शेर्पाचे पूर्ण नाव आणि त्याचे गाव छापा. जमले तर त्यालाही बोलवा, भाड्याची वर्गणी मी देईन.